‘प्रार्थना करा आणि सोडून द्या’ असं सांगितलं जातं तेव्हा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी काय समजून उत्तर देतोय ते कळेल. तुम्ही एका ख्रिस्ती सेवाभावी संस्थेत हिशेबाचं काम पाहता. तिथल्या सफाई आणि स्वयंपाकघरातल्या कंत्राटी कामगारांच्या सह्या एका रकमेवर घेतल्या जातात आणि हातात पडतात त्याहून कमी पैसे. तुम्ही पाळकांकडे गेलात. त्यांनी तुमच्याबरोबर प्रार्थना केली आणि ‘आता प्रभूवर सोपवा, अधिकाऱ्यांच्या अधीन राहा, दुसरा गाल पुढे करा’ असं सांगून परत पाठवलं. युनियनमधला तुमचा मित्र म्हणतो, प्रार्थनेनं कुणाचा पगार मिळालाय का कधी? तुम्ही विचारता: मी लढलो तर माझा विश्वास तोकडा ठरेल का? आणि लढायचंच असेल तर प्रार्थनेचं त्यात काय काम?

मी कामगारांच्या तक्रारींची कामं बरीच वर्षं केली आहेत आणि मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वचनसेवा म्हणजे उपदेशही करतो, त्यामुळे दोन्हीकडची वाक्यं ओळखीची आहेत. गंमत अशी की पाळक आणि मित्र यांचं एका बाबतीत पक्कं एकमत आहे. प्रार्थना म्हणजे काही न करणं, असं दोघंही धरून चालतात. एकाला तो सद्गुण वाटतो, दुसऱ्याला दोष. मला दोघांचंही पटत नाही. माझ्या अनुभवात, अन्यायाच्या प्रसंगी केलेली खरी प्रार्थना माणसाला गप्प बसू देत नाही. पण तो काय बोलेल, कसं बोलेल आणि कुणाच्या जिवावर बोलेल, हे मात्र ती बदलून टाकते.

यासाठी मी लोकांना बायबलमधलं नहेम्याचं पुस्तक वाचायला देतो. नहेम्या हा पारसाच्या राजाच्या पदरी असलेला यहूदी. उपदेशात त्यातला यरुशलेमेचा कोट (तटबंदी) बांधण्याचा भाग येतो आणि बाकीचं राहून जातं. यरुशलेमेच्या पडझडीची बातमी ऐकून हा माणूस रडतो, उपास करतो, प्रार्थना करतो. पुढे राजा त्याला विचारतो, तुझी काय विनंती आहे? उत्तर देण्याआधी तो स्वर्गीच्या देवाची प्रार्थना करतो (2:4). राजासमोर उभं राहून केलेली प्रार्थना किती लांब असणार! आणि लगेच पुढचं वाक्य अगदी व्यवहाराचं आहे: अमुक काळ जाऊ द्या, नदीपलीकडच्या अधिकाऱ्यांना पत्रं द्या, राजाच्या वनाचा रखवालदार आसाफ याने लाकूड द्यावं म्हणून त्यालाही पत्र द्या. नंतर तो कुणाला न सांगता रात्री थोडी माणसं घेऊन कोट कुठे किती पडलाय ते पाहून येतो. आणि चौथ्या अध्यायात एकाच वचनात दोन्ही गोष्टी येतात: आम्ही देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा ठेवला (4:9). ‘पण’ नाही, ‘आणि’.

तुमच्या प्रश्नाला मात्र पाचवा अध्याय जास्त लागू पडतो. कोट बांधण्याचं पवित्र काम चालू असतानाच गरिबांची ओरड होते. शेतं गहाण पडली आहेत, पोरं दास म्हणून विकावी लागत आहेत, आणि हे करणारे परके नाहीत, आपलेच भाऊबंद आहेत. ‘चांगल्या कामात खोडा घालू नका, संस्थेची बदनामी होईल’ असं तुम्हालाही सांगितलं जाणारच आहे, म्हणून हा अध्याय हाताशी ठेवा. नहेम्याला फार राग येतो. तो मनाशी विचार करतो. मग सरदार आणि अधिकाऱ्यांना तोंडावर दोष देतो, मोठी सभा भरवतो आणि शेतं, द्राक्षमळे, घरं, घेतलेलं व्याज आजच्या आज परत करा म्हणतो. ते ‘करतो’ म्हणतात. तो तेवढ्यावर भागवत नाही. याजकांना बोलावून त्यांच्यासमोर शपथ घ्यायला लावतो. तोंडी आश्वासनाची किंमत त्याला बरोबर ठाऊक होती.

आता प्रार्थना नेमकं काय करते, यावर येतो.

सगळ्यात आधी ती आपल्याला खरं बोलायला लावते, आणि खरं म्हणजे तपशिलासकट. ‘प्रभू, जगातला अन्याय दूर कर’ ही प्रार्थना मला नेहमी संशयास्पद वाटते, कारण ती केल्यावर कुणालाच काही करावं लागत नाही. बायबलमधली स्तोत्रं अशी बोलत नाहीत. दहावं स्तोत्र काढा. दुष्ट कुठे दबा धरून बसतो, लाचाराला कसा हेरतो, मनात काय म्हणतो, सगळं देवासमोर उलगडून ठेवलंय. म्हणून मी लोकांना सांगतो, प्रार्थनेला बसण्याआधी कागदावर लिहा: कुणाला, कोणत्या महिन्यात, किती कमी मिळाले, सही कोणत्या रकमेवर घेतली, पैसे कुणी वाटले. मग तो कागद समोर ठेवून प्रार्थना करा. देवाला ही माहिती हवी असते म्हणून नव्हे; आपण खरोखर काय पाहिलंय आणि काय नुसतं ऐकलंय, हे तिथे वेगळं होतं. देवासमोर ‘असं म्हणतात’ म्हणताना जीभ अडखळते. तुमच्या पत्रात व्यवस्थापकाच्या संगनमताबद्दल एक वाक्य आहे. तो संशय आहे की पाहिलेली गोष्ट, हे आधी याच कागदावर ठरवा. पुढे तक्रार लिहाल तेव्हा अर्धं काम झालेलं असेल.

एल साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो रविवारच्या प्रवचनात त्या आठवड्यात कोण मारलं गेलं, कोण नाहीसं झालं, याची माहिती देत आणि ते प्रवचन रेडिओवरून देशभर ऐकलं जाई. उपासनेतून नावं घेतली गेल्यामुळे ती माणसं ‘गायब’ राहू शकली नाहीत. 23 मार्च 1980 च्या प्रवचनात त्यांनी सैनिकांना दडपशाही थांबवायला सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी मिस्सा अर्पण करताना त्यांना गोळी घातली गेली. हे मुद्दाम सांगतोय, कारण प्रार्थनेच्या जोडीला लढा दिला की सगळं सुखरूप होतं असं माझं म्हणणं नाही.

प्रार्थना दुसरं जे करते ते जरा अडचणीचं आहे, आणि तुमच्या बाबतीत ते टाळून चालणार नाही. हिशेबाची वही तुमच्या हाताखालून जाते. नहेम्या पहिल्या अध्यायात ‘त्यांनी पाप केलं’ म्हणत नाही. मी आणि माझ्या बापाच्या घराण्याने केलं, असं म्हणतो. ज्या नोंदी खोट्या आहेत असं तुम्हाला आता वाटतंय, त्यांतल्या काही तुमच्या हस्ताक्षरात असतील. हे देवासमोर स्वच्छ बोला, आणि मग कायद्याच्या जाणकारासमोरही बोला, कारण उद्या हीच गोष्ट तुमच्याविरुद्ध वापरली जाऊ शकते. पापांगीकार आणि सल्लामसलत यांत मला विरोध दिसत नाही. यापुढे खोट्या रकमेवर आपली सही करायची नाही, एवढा निर्णय मात्र आजच करता येतो. निर्गमच्या पहिल्या अध्यायातल्या शिप्रा आणि पुवा या सुइणींनीही एवढंच केलं होतं. मिसरचा राजा फारो याच्याविरुद्ध बंड पुकारलं नाही. त्याने सांगितलेलं काम, इब्री बायकांचे मुलगे जन्मताच मारण्याचं, त्यांच्या हातून झालं नाही, इतकंच.

रागाबद्दल. विश्वासणाऱ्यांना राग आला की अपराधी वाटतं आणि ते तो गिळतात. गिळलेला राग घरी बायकोपोरांवर निघतो किंवा बैठकीत नको त्या क्षणी फुटतो. 109 वं आणि 137 वं स्तोत्र वाचताना अंगावर काटा येतो, इतके त्यांतले शाप भयंकर आहेत, आणि पुष्कळ मंडळ्यांत ती वाचलीच जात नाहीत. मी ती वाचतो, लोकांबरोबर मोठ्याने वाचतो. त्या माणसांनी सूड देवाच्या दारात टाकला आणि तिथेच ठेवला, स्वतःच्या हातात ठेवला नाही, हे त्यांतून शिकण्यासारखं आहे. ज्याने देवासमोर मनसोक्त शिव्याशाप घातले आहेत तो व्यवस्थापकासमोर शांत आवाजात आकडे वाचू शकतो. हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता बैठकीला जाण्याआधी ‘आजचं स्तोत्र वाचलं का?’ असं मी कागदपत्रांच्या बरोबरीनेच विचारतो.

भीतीचंही तसंच. 1956 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात बसमधल्या वर्णभेदाविरुद्धच्या बस-बहिष्काराच्या काळात मार्टिन ल्यूथर किंग यांना रात्री धमकीचा फोन आला. झोप उडाली, ते स्वयंपाकघरात जाऊन बसले आणि आपण खचलो आहोत, आपल्यात बळ उरलेलं नाही, असं त्यांनी देवाला मोठ्याने सांगितलं. त्यातून उभं राहण्याचं धैर्य मिळाल्याचं त्यांनी पुढे अनेकदा सांगितलं. काही दिवसांत त्यांच्या घरावर बॉम्ब पडला आणि जमलेल्या संतप्त लोकांना त्यांनी शस्त्रं घेऊन येऊ नका म्हणून सांगितलं. ही गोष्ट प्रवचनात इथेच संपवतात आणि मला ते खटकतं. तो बहिष्कार 381 दिवस चालला, कारण चर्चमधल्या प्रार्थनासभांमध्येच वर्गणी गोळा होत होती, कुणाची गाडी कुठून कुणाला नेणार याची आखणी होत होती, आणि बाजूला न्यायालयात खटला चालू होता. प्रार्थनेनं धीर दिला, गाड्यांनी माणसं कामावर पोचवली, आणि बसमधला भेदभाव रद्द केला तो न्यायालयाच्या निकालाने. यातलं एक काढून घ्या, बाकीचं किती टिकलं असतं?

तेव्हाच्या साम्यवादी पूर्व जर्मनीत लाइपझिगच्या निकोलाय चर्चमध्ये 1982 पासून दर सोमवारी शांतीसाठी प्रार्थना होत असे. बरीच वर्षं तिथे मोजकीच माणसं यायची. 9 ऑक्टोबर 1989 ला प्रार्थनेनंतर सुमारे 70 हजार लोक रस्त्यावर उतरले. पोलीस सज्ज होते, गोळीबार होईल अशी धास्ती होती, पण झाला नाही. तिथले पाळक क्रिस्टियान फ्युरर सांगत की मेणबत्ती धरायला दोन हात लागतात, एकाने धरायची आणि दुसऱ्याने ज्योत सांभाळायची, मग दगड कुठल्या हाताने उचलणार? पूर्व जर्मनीची राजवट ढासळण्यामागे इतरही मोठी कारणं होती, हे सांगायला हवं. पण त्या संध्याकाळी लोक ज्या शिस्तीने चालले ती आयत्या वेळी आलेली नव्हती. मोजकी माणसं येत असलेल्या त्या सोमवारांत ती मुरली होती.

आता तुमच्या पाळकांनी दिलेली दोन वचनं. ‘अधिकाऱ्यांच्या अधीन राहा’ हे रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायातलं. तो अध्याय लिहिणाऱ्या प्रेषित पौलानेच फिलिप्पै शहरात काय केलं ते प्रेषितांच्या कृत्यांत सोळाव्या अध्यायात आहे. त्याला आणि त्याचा सोबती सीला याला चौकशी न करता फटके मारून तुरुंगात टाकलं. रात्री दोघं प्रार्थना करत, गीतं गात होते. सकाळी अधिकाऱ्यांनी ‘गुपचूप सोडून द्या’ असा निरोप पाठवला, तेव्हा पौल म्हणाला: आम्ही रोमी नागरिक असताना आम्हाला उघडपणे मारलं, आणि आता गुपचूप घालवता? त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं. आणि ते आले. पुढे त्याने कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दादही मागितली. अधिकाऱ्याला त्याच्याच नियमाची आठवण करून देणं हे अधीनतेच्या विरुद्ध आहे, असं पौलाला वाटलेलं दिसत नाही. तुमच्या संस्थेच्या विश्वस्तांपुढे किंवा कामगार खात्याकडे जाणं यात मोडतं. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी सरकार हाच अध्याय आपल्या बचावाला वापरत होतं. तेव्हा तिथल्या ईश्वरविज्ञानाच्या अभ्यासकांनी 1985 च्या कायरोस दस्तऐवजात तो वापर थेट खोडून काढला, आणि न्यायाशिवाय समेटाची भाषा करणाऱ्या चर्चलाही सोडलं नाही.

दुसरा गाल पुढे करण्याबद्दल माझं म्हणणं थोडक्यात असं. स्वतःचा गाल पुढे करायचा अधिकार मला आहे, स्वयंपाकघरातल्या बाईचा गाल पुढे करायचा मला नाही. तिच्या वतीने मी क्षमा करू शकत नाही. आणि खुद्द येशूला महायाजकासमोर एका शिपायाने थप्पड मारली तेव्हा त्याने विचारलं, मी चुकीचं बोललो असेन तर ते सिद्ध कर, बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस? (योहान 18:23). त्याने उलटा हात उगारला नाही, पण तो मुकाट्यानेही बसला नाही.

व्यवस्थापकासाठीही प्रार्थना करा, नाव घेऊन. हे अवघड जातं. काय मागायचं असं लोक विचारतात. मी लोकांना नाडणाऱ्या जकातदार जक्कयाची गोष्ट समोर ठेवतो. त्याच्या घरी तारण आलं त्या दिवशी त्याने गरिबांना अर्धी मालमत्ता दिली आणि ज्यांना नाडलं होतं त्यांना चौपट परत केलं. तेव्हा ‘त्याचं भलं कर’ एवढंच न म्हणता, ‘त्याने हे थांबवावं, घेतलेलं परत करावं आणि त्यालाही यातून सुटका मिळावी’ असं मागा. एक फायदा लगेच दिसेल. ज्याच्यासाठी रोज प्रार्थना करतो त्याचा अपमान करण्यात आपल्याला रस राहत नाही, आणि मागणी नेमकी राहते: पैसे परत, सह्या खऱ्या रकमेवर.

इथपर्यंत जे सांगितलं त्यातलं बरंच कुणालाही लागू पडेल. पण पुढचं पाऊल कोणतं, हे परिस्थितीवर आहे आणि ते मी दुरून ठरवू शकत नाही. कामगारांना तक्रार हवी आहे का? त्यांना विचारलंय का? तुम्ही तक्रार केलीत तर आधी कुणाची नोकरी जाईल, तुमची की त्यांची? बहुतेक वेळा कंत्राटी माणसाची आधी जाते. म्हणून तुमच्या धैर्याची किंमत दुसऱ्याने मोजायची, असं होऊ देऊ नका. पुरावा किती आहे, घर किती महिने पगाराशिवाय चालेल, विश्वस्तांत ऐकून घेणारं कुणी आहे का, यावर मार्ग बदलतो. आणि जिथे मारहाण, लैंगिक छळ किंवा जिवाला धोका असतो तिथे माझा सल्ला पूर्ण वेगळा असतो: आधी त्या माणसाला सुरक्षित जागी हलवा, प्रार्थना वाटेत करा. मत्तय अठरामध्ये ‘एकांतात जाऊन त्याचा अपराध दाखव’ असं आहे म्हणून पीडित व्यक्तीला छळणाऱ्यासमोर एकटं पाठवणारे पाळक मी पाहिले आहेत. ते वचन यासाठी नाही.

एकट्याने करू नका, दोघं-तिघं जमवा. पण इथे एक व्यावहारिक सूचना, जिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. मंडळीच्या प्रार्थनासभेत हा विषय उघडपणे मांडू नका. ‘प्रार्थनेची विनंती’ या नावाखाली बातमी जितक्या वेगाने फिरते तितकी वर्तमानपत्रातूनही फिरत नसेल, आणि दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकाकडे कामगारांची नावं पोचलेली असतात. विश्वासातली दोन-तीन माणसं निवडा. कामगारांपैकी कुणी विश्वासणारं असेल तर त्यांना आधी घ्या, आणि त्यांना त्यांच्या शब्दांत प्रार्थना करू द्या; तुम्ही त्यांच्यासाठी सुंदर प्रार्थना करत बसू नका. जे विश्वासणारे नाहीत ते निर्णयात बरोबरीने हवेत. त्यांच्यावर प्रार्थना लादायची नाही. आणि मतभेद झाला की ‘मला प्रभूने सांगितलंय’ हे वाक्य कुणीही वापरायचं नाही, असं सुरुवातीलाच ठरवा. त्या वाक्यापुढे चर्चा बंद पडते आणि चुका तिथेच होतात.

हे लांबणार आहे. लूकच्या अठराव्या अध्यायातली विधवा न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा जात राहते. येशू हा दाखला सर्वदा प्रार्थना करावी, खचू नये म्हणून सांगतो, आणि उदाहरण मात्र न्यायालयाच्या दारात तगादा लावणाऱ्या बाईचं देतो. थकाल तेव्हा एलीया संदेष्ट्याकडे पाहा. कर्मेलावरच्या विजयानंतर तो रानात जाऊन ‘आता पुरे, मला मरण दे’ म्हणतो, तर देव त्याला उपदेश करत नाही. दोनदा झोपू देतो, दोनदा भाकर आणि पाणी देतो. पुढे तो ‘मी एकटाच उरलोय’ म्हणतो, तेव्हा त्याला कळतं की आणखी सात हजार आहेत, आणि सोबतीला अलीशा मिळतो. म्हणून आठवड्यातला एक दिवस या विषयावर अवाक्षर काढायचं नाही, अगदी प्रार्थनेतही, असा नियम मी माझ्याबरोबर काम करणाऱ्यांना घालतो. सुरुवातीला कुणालाच तो आवडत नाही.

शेवटी तुम्ही विचारलंय की पत्नी घाबरली आहे, तिला काय सांगू. तिला यातलं काही पटवायला जाऊ नका. कागद तिच्यासमोर ठेवा, कोणता धोका कितपत खरा आहे ते सांगा, आणि तुमचं पत्र विश्वस्तांकडे कधी जायचं ते दोघांनी मिळून ठरवा. ती ‘अजून एक महिना थांबू’ म्हणाली तर थांबा. त्या महिन्यात कामगारांशी बोलून घ्या आणि जाणकाराचा सल्ला घ्या. दर पगाराला कुणाच्या हातात किती पडले याची तारखेसह नोंद स्वतःच्या वहीत ठेवा. संस्थेची कागदपत्रं बाहेर नेणं कितपत चालेल, हे आधी त्या जाणकारालाच विचारा. आणि पाळकांकडे पुन्हा एकदा जा. या वेळी आकड्यांचा कागद घेऊन जा आणि तो समोर ठेवून प्रार्थना करा असं त्यांना सांगा. ते काय म्हणतात, ते मला जरूर कळवा.